मीठ चाखायला या

सातव्या मजल्यावरचं काम थांबलं तेव्हा एशिमच्या एका हातात थापी होती आणि दुसऱ्या हातात वीट. खालून मुकादमानं हाक दिली, "एशिम, राहू दे. उतर खाली."

"एवढा गारा संपवतो आणि येतो."

"नको संपवू. उतर."

"अरे, दगड होईल त्याचा!"

"होऊ दे," मुकादम म्हणाला. "बारापैकी सात मजले उभे राहिले, आणि सातातले दोनसुद्धा विकले गेले नाहीत. कुणासाठी बांधतोस?"

दहा वर्षं एशिम बिश्केकमध्ये लोकांची घरं बांधत होता, पण कुणासाठी हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यानं वीट खाली ठेवली, थापी धुतली आणि पिशवीत टाकली. मग महिनाभर तो एका इमारतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर काम विचारत हिंडला. सगळीकडे एकच तऱ्हा. क्रेन उभ्या, रखवालदार तेवढा चहा पीत बसलेला. गिऱ्हाइकं फ्लॅट बघायला येत, खिडकीतून डोंगर छान दिसतो म्हणत आणि परत जात. ऑगस्टच्या शेवटी त्यानं गावची मिनीबस धरली. गाडीत सोळा माणसं होती, त्यातली अकरा गवंडी, सुतार नाहीतर रंगारी. घाट चढून गाडी काराजारला पोचेपर्यंत कोणी कोणाला "मध्येच कसा काय निघालास?" असं विचारलं नाही.

घरी बायको बुरूल शिवणयंत्रावर चादर टाकून बसली होती. तीही दोन वर्षं तालुक्याच्या दुकानासाठी पडदे शिवत होती. नव्या खिडक्याच बसेनात तर पडदे कोण घेणार? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बुरूलनं चहाचं आधण ठेवलं.

आता खरं घोडं इथं अडलं होतं. ते राहत होते ते घर आईबापाचं, आणि आमच्याकडे आईबापाचं घर धाकट्याचं. थोरल्यानं आपलं वेगळं बांधायचं. धाकटा भाऊ कुबात याचं लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. त्याआधी एशिमला बायको आणि दोन मुलींना घेऊन बाहेर पडायचं होतं. कालव्यापलीकडे त्याची जागा होती आणि जागेवर घरही होतं, म्हणजे चार खोल्यांच्या भाजक्या विटांच्या भिंती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या आणि वर आभाळ. पुढच्या उन्हाळ्यात शहरातून पत्रे आणू, मजूर आणू, असा त्याचा बेत होता. आता भाजकी वीटही नाही, पत्राही नाही, मजूर तर नाहीच.

"आके, तुम्ही राहा की इथंच," कुबात म्हणाला. आके म्हणजे थोरला भाऊ. पोरगा मनाचा साधा होता. "एक खोली काय आम्हाला जड आहे?"

त्यांची आई, कानिम आपा, लोकर पिंजत होती. तिनं हात थांबवला नाही. "सून दारात येईल त्या दिवशी थोरला दीर आत चूल मांडून बसलेला असला, तर लोक कुणाला हसतील? एशिम, दोन खोल्यांवर तरी छप्पर घाल. बर्फाआधी घाल."

दुसऱ्या दिवसापासून नवराबायको मातीला भिडले. कालव्याकाठी खड्डा खणला, पाणी सोडलं, गव्हाचं काड टाकलं आणि अनवाणी उतरून तुडवायला लागले. काड पायाला कापतं. संध्याकाळी बुरूलच्या घोट्यांवर लाल रेघा उठत, त्यांवर ती मेंढ्याच्या शेपटीची चरबी चोळायची. एशिम लाकडी साच्यात चिखल थापायचा, साचा उचलायचा आणि वीट जमिनीवर पसरायची. सिमेंटच्या कामात त्याचा हात कोणी धरला नसता. इथं वीट साच्यातून निघताना एक कोपरा हमखास मागं राहायचा.

"साचा ओला करा आधी," बुरूल म्हणाली.

"केला की."

"पाण्यानं नाही, पाणी आणि राख. शहरात सिमेंट तुमचं ऐकत होतं. ही गावची माती, लाडानं घेतल्याशिवाय नाही ऐकायची."

"तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या बापानं तीन घरं बांधली याच मातीनं. एक तरी पडलं का?"

राख घातल्यावर कोपरे सुटायला लागले. एशिमनं तोंडानं कबूल केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी राखेची बादली तोच घेऊन आला. वीस दिवसांत विटांच्या रांगा कालव्यापासून कुंपणापर्यंत गेल्या. मुली शाळेतून आल्या की विटा उभ्या करायच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूला वारा लागतो. पाठ भरून यायची, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, पण माणूस आपल्यासाठी राबतो तेव्हा त्याला झोप बरी लागते. एशिमला कित्येक वर्षांनी तशी झोप लागत होती.

आणि एका दुपारी गारा पडल्या.

डोंगरावरून ढग कधी उतरला हे कळलंही नाही. बुरूल ओरडली, दोघं धावले. प्लॅस्टिकचा एकच तुकडा होता. तो कुठं टाकायचा यावरून दोघं भर पावसात भांडले. मग पोती टाकली, सतरंजी टाकली, शेवटी एशिमनं अंगातला कोट काढून पाच विटांवर घातला. पाऊस अर्धा तास पडला असेल. थांबल्यावर पाहिलं तर निम्म्या विटांची परत माती झाली होती आणि त्या मातीत एशिम गुडघ्यावर बसला होता. बुरूलनं त्याचा कोट उचलून पिळला. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं.

कानिम आपा काठी टेकत कालवा ओलांडून आली. तिनं सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं.

"उरल्या त्यात दोन खोल्यांच्या भिंती होतील," ती म्हणाली. "पण तुळया कोण चढवणार? तू आणि तुझी बायको? अशर सांग, एशिम."



अशर सांगायचं म्हणजे दारोदार जाऊन गावाला हात मागायचा. गाव येतं, दिवसभर राबतं, मजुरी कोणी घेत नाही. घरधन्यानं मेंढा कापायचा आणि सगळ्यांना पोटभर वाढायचं. उद्या दुसऱ्याचं अशर असलं की आपण जायचं. एवढाच कायदा. आणि एशिमनं तो दहा वर्षं पाळला नव्हता. गावात कोणाचं घर उभं राहिलं की हा शहरात असायचा. सुट्टीत आलाच तर त्याची पाठ दुखायची. तीन वर्षांपूर्वी वसंतात डोंगराचा चिखल वाहून आला आणि शेजारच्या सातारची भिंत गेली. सगळा गाव फावडी घेऊन धावला. एशिम घरात पडून होता. त्यानं थोरलीच्या हातून सातारला पैशांचं पाकीट पाठवलं. सातारनं पोरीच्या हातात पिशवीभर सफरचंदं दिली आणि सफरचंदांवर ते पाकीट ठेवून तिला परत पाठवलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण माणसाची जीभ! त्याच वर्षी एका मेजवानीत कोणीतरी अशरची गोष्ट काढली, आणि शहरातून आलेले आमचे एशिम उस्ताद सगळ्यांदेखत बोलून गेले, "फुकटच्या हाताची भिंत वाकडीच असायची." लोक हसले. हसून घरी गेले, आणि ते वाक्य मात्र गावातच राहिलं. कुणाचं कुंपण कललं, कुणाची गंजी झुकली की पोरंसुद्धा म्हणायची, फुकटच्या हाताची दिसते.

"माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही, आपा," एशिम म्हणाला.

"तोंड तुझं, घर तुझं," म्हातारी म्हणाली. "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत."

आणखी दोन आठवडे त्यांनी एकट्यानं रेटलं. उरलेल्या विटा दोन खोल्यांच्या भिंतींवर चढवल्या. बुरूल खालून वीट फेकायची, एशिम वरून झेलायचा. भिंती तुळईच्या उंचीला यायला चार थर कमी होते तेव्हा त्यांनी कालव्याकाठची पॉपलरची एक तुळई उचलून पाहिली. एक टोक बुरूलच्या खांद्यावर, दुसरं एशिमच्या. पंधरा पावलांवर बुरूलचा पाय घसरला. तुळई आधी जमिनीवर आली आणि मग ती, म्हणून वाचली. ती उठून बसली, तिनं गुडघ्यावरची माती झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुमच्याबरोबर चिखल तुडवला. विटा वाहिल्या. आता तुम्ही एक शब्द उचला. तुळईपेक्षा जड नसेल तो."

डोंगराच्या माथ्यावर त्या सकाळी पांढरं दिसायला लागलं होतं.

गुरुवारी एशिमनं दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि निघाला. रीत अशी की पहिलं आमंत्रण कुंपणाच्या शेजाऱ्याला. म्हणजे सातारला.

सातार अंगणात ट्रकखाली पाठीवर पडला होता. या ट्रकमधून तो नदीची वाळू शहराच्या वाटेवरच्या बांधकामांना पुरवायचा. ट्रक चार महिने दगडांवर चढवलेला होता. टायर काढून गोठ्यात ठेवले होते.

"सलाम, सातार."

"सलाम." पाय हलले, डोकं बाहेर आलं नाही.

"बरं चाललंय?"

"ट्रक बरा आहे. वाळूही बरी आहे. नदीत."

एशिमनं घसा साफ केला. शब्द जिभेवर आला होता, खरंच आला होता. तेवढ्यात सातार ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि उभा राहून त्यानं सरळ त्याच्याकडे पाहिलं. एशिमची जीभ टाळ्याला चिकटली.

"शनिवारी," तो म्हणाला, "शनिवारी आमच्याकडे या. कालव्यापलीकडे. मीठ चाखायला."

"कशाचं मीठ?"

"असंच. सगळ्यांनाच सांगतोय."

सातारनं त्याच्या स्वच्छ सदऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं. पेरांच्या चिरांमध्ये माती बसलेली होती, ती दाढी करून जात नाही. "बघू," तो म्हणाला आणि पुन्हा ट्रकखाली गेला.

मीठ चाखायला या म्हणजे आमच्याकडे नुसतं जेवणाचं आमंत्रण, कामाचं नाही. पहिल्या दारात जे तोंडातून पडलं तेच मग पुढच्या प्रत्येक दारात पडत गेलं, आणि खरं सांगायचं तर दर दाराला सोपं होत गेलं. मीठ चाखायला या. शनिवारी. हो, सगळेच. हो, वहिनींनाही आणा. लोक आनंदानं हो म्हणत होते. एशिम मनाशी म्हणत होता, कळलं त्यांना. गावातली माणसं आहेत, भिंती उघड्या दिसतायत, न कळायला काय झालं? घरी आल्यावर बुरूलनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. अठ्ठावीस घरं. सगळे येतायत."

बुरूलच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. तिला खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. आणि एशिम खोटं बोललाही नव्हता, हीच तर गंमत.

शनिवारी सकाळी कुबातनं मेंढा कापला. कानिम आपानं बोर्सोक तळले, पिठाच्या त्या फुगीर चौकोनी गोळ्यांचा डोंगर चादरीवर उभा राहिला. बुरूलनं पहाटेपासून दोन खड्ड्यांत चिखल कालवून ठेवला, कुठून कुठून फावडी मागून आणली आणि घमेली ओळीनं मांडली. नऊच्या सुमाराला कालव्यावरच्या फळीवर माणसं दिसायला लागली.

सगळ्यांत पुढं गावचे वडीलधारे ओमूरबाबा. अंगात काळा मखमली झगा, डोक्यावर कोरा पांढरा कल्पाक, छातीवर दोन पदकं. त्यांच्यामागं बायका, रेशमी रुमाल बांधलेल्या, कानांत डूल. एकीच्या हातात कागदात बांधलेला चहाच्या वाट्यांचा संच. दुसरीकडे घडी घातलेलं नवं पांघरूण. पुरुषांचे बूट इतके चकाकत होते की फळीवरून येताना ते एकेक पाऊल जपून टाकत होते.

बुरूल चिखलात घोटाभर उभी होती. तिनं स्कर्ट खाली सोडला. मग नवऱ्याकडे सरकून दातांतल्या दातांत विचारलं, "तुम्ही नेमकं काय सांगितलंत हो लोकांना?"

"मीठ चाखायला या म्हणालो."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि अशर?"

 

ओमूरबाबा आले, त्यांनी चार भिंतींकडे पाहिलं, भिंतींवरच्या आभाळाकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखी मान हलवली. "घरभरणी होय! छान. छप्पर मागाहून घालणार वाटतं? शहरात असंच करतात का हल्ली?"

"नाही बाबा, मला वाटलं कुबातच्या लग्नाची बोलणी," एक जण म्हणाला.

"मी तर त्यांच्या बापाच्या नावानं कुराण वाचणार असतील म्हणून टोपी घालून आलो," दुसरा म्हणाला. आपापली अटकळ सांगून सगळे हसायला लागले. पण हसता हसता एकेकाची नजर चिखलाच्या खड्ड्यावर, घमेल्यांच्या ओळीवर आणि बुरूलच्या पायांवर जात होती, आणि हसू जागच्या जागी थबकत होतं. वाट्यांचा संच आणलेल्या बाईला तो कुठं ठेवावा कळेना. ठेवायला घरात जमीनच नव्हती.

अजूनही सुटका होती. मेंढा शिजला होता. जेवू घालावं, वाट्या घ्याव्यात, दुवा घ्यावा आणि लोकांना निरोप द्यावा. घरभरणीच होती म्हणावं. लाज राहिली असती. आणि मग तो, बुरूल आणि दोन पोरी बर्फात कुठं जाणार होते?

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून सातार आला. अंगात फाटका स्वेटर, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर स्वतःचं फावडं.

लोकांना निमित्तच मिळालं. "अरे सातार, मेजवानीला फावड्यानं खाणार का?"

"चमचा लहान पडतो त्याला!"

सातारनं फावडं जमिनीत रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि तो एशिमसमोर उभा राहिला. "मी कशाला आलोय ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "हे कशाला आलेत ते त्यांना ठाऊक नाही. ते घरधन्यानं सांगावं. मी नाही सांगणार."

कालव्याचं पाणी ऐकू येत होतं. बुरूल नवऱ्याकडे बघत नव्हती, मुद्दामच बघत नव्हती. एशिमनं डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"घरभरणी नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "घरभरणी नाही, बाबा. घरच नाही तर भरणार काय? शहरातलं काम गेलंय. दहा वर्षं लोकांची घरं बांधली आणि माझं छप्पर मला घालता येईना. महिन्याभरात धाकट्याची बायको येईल, त्याआधी आम्हाला बाहेर पडायचंय. तुमच्यातल्या कुणाच्याच अशरला मी आलो नाही. सातारची भिंत पडली तेव्हा मी बरा होतो. पाठबीठ काही दुखत नव्हती. आणि फुकटच्या हाताबद्दल जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मला हा शब्द उच्चारायला तोंड नव्हतं, म्हणून मीठ म्हणालो. अशर आहे. माझ्या घराचं अशर आहे. जेवून गेलात तरी मी काही म्हणणार नाही. पण अशर आहे."

ओमूरबाबांनी सावकाश सगळ्यांवरून नजर फिरवली. "म्हणजे," ते म्हणाले, "मी ही पदकं उगाचच लावून आलो?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी मखमली झगा काढला, उलटा करून घडी घातला आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवला. कल्पाक मात्र ठेवला डोक्यावरच. मग खाली बसून बूट काढायला लागले. त्यांना बूट काढताना पाहून बाकीचे कसे उभे राहतील? भराभर कोट उतरले, पँटी गुडघ्यापर्यंत वर गेल्या. कुबातनं कुंपणावर दोरी बांधली आणि तिच्यावर कोट, रेशमी रुमाल, डूल बांधलेल्या पुरचुंड्या लटकल्या. बायकांनी जुने रुमाल आणायला पोरी पिटाळल्या. कुराण वाचायला आलेला गृहस्थ खड्ड्यात उतरला आणि "या अल्ला, काय गार आहे!" म्हणून किंचाळला, तेव्हा सगळा गाव हसला. हे हसणं कोणाला बोचलं नाही.

मग जे काम सुरू झालं ते काही विचारू नका. दोघांना दोन आठवडे पुरलं असतं ते तासात होत होतं. चिखलाची घमेली हातोहात फिरत होती. बायका काड टाकत होत्या, एकमेकींना चिमटे काढत होत्या. बुरूलला कोणीतरी जबरदस्तीनं ओंडक्यावर बसवलं आणि हातात चहा दिला. ती दोन घोट प्याली आणि परत उठली.

भिंतीवर एशिम आणि समोरच्या भिंतीवर सातार. चार थर चढवायचे होते. सातारचा हात वेगानं चालत होता, पण त्याचा थर बाहेर जायला लागला होता. एशिमला ते पाचव्या विटेलाच दिसलं. त्याच्या बोटांना खाज सुटली. पण आज, या तोंडानं, या माणसाला थर वाकडा आहे म्हणून सांगायचं? त्यानं मान खाली घातली आणि आपली वीट लावली.

सातारनं काम थांबवलं. "बोल की."

"काय?"

"मघापासून माझ्या भिंतीकडे बघून दात आवळतोयस. वाकडी होतेय ना?"

"दोन बोटं. बाहेरच्या बाजूला."

"मग सांगत का नाहीस? मी वाळू वाहणारा माणूस. भिंत मला काय कळते? तुझं घर माझ्या हातानं कोसळलं तर लोक म्हणतील सातारनं दावा साधला." त्यानं ओळंब्याची दोरी फेकली. "ये इकडे. दाखव."

एशिम भिंतीवरून चालत गेला. त्यानं पाच विटा काढल्या, दोरी लावली, सातारच्या हाताला हात लावून वीट कशी आत ओढायची ते दाखवलं. खालून दोन-चार पोरं वर चढून बघायला लागली. मग बघता बघता तोच सगळ्यांना सांगू लागला, तुळईचं जाड टोक उत्तरेला, वेताची चटई आडवी आधी, काड भिजलेलं नको. आणि लोक ऐकत होते. शहरात त्याचं कोणी ऐकलं नव्हतं, तिथं त्याला नुसतं सांगितलं जायचं. भिंत फुकटच्या हातांची होती आणि ओळंब्याला सरळ होती. एशिमनं ती दोनदा तपासली आणि मग वळून जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरळ आहे!"

तुळया चढवताना आठ-आठ माणसं लागली. ओमूरबाबा खाली उभे राहून "हुप्" म्हणायचे आणि "हुप्" म्हणताच तुळई वर जायची. दुपार कलेपर्यंत पहिल्या खोलीवर चटई, काड आणि चिखलाचा थर बसला. दुसरीवर तुळया आणि चटई झाली. मातीचं काम उरलं, ते दोघे भाऊ मिळून करतील एवढंच.

जेवायला सगळे त्या पहिल्या खोलीत बसले. ओल्या मातीचा वास होता, जमीन नुसती मुरमाची, पण डोक्यावर छप्पर होतं. कुणाच्या कपाळावर चिखल, कुणाच्या दाढीत काड. शोर्पोच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, वाट्या फिरल्या, मांस वाटलं गेलं. वाट्यांचा नवा संच कागदातून काढावाच लागला. जेवण झाल्यावर ओमूरबाबांनी दोन्ही तळवे उघडले, सगळ्यांनी उघडले आणि बाबांनी दुवा दिला. या छपराखाली पोरं वाढोत, या दारातून पाहुणा उपाशी न जावो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

आमच्याकडे अशरच्या शेवटी वडीलधारा विचारतो, पुढचं कुणाचं? ज्याला हात हवा असेल त्यानं बोलायचं. गेली कितीतरी वर्षं या प्रश्नाला उत्तरच नसायचं. ज्याच्याकडे होतं तो शहरातून मजूर आणायचा, ज्याच्याकडे नव्हतं तो गप्प बसायचा. बाबांनी नेहमीसारखं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठायला लागले.

"माझं," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. तो रंगारी होता, एशिमबरोबर त्याच मिनीबसमधून आलेला. "म्हणजे, माझ्याही भिंती आहेत, पण छप्पर नाही. उन्हाळ्यात घालणार होतो."

बाबा परत बसले.

"आमचं स्वयंपाकघर," पांघरूण आणलेली बाई म्हणाली. "पोरगा रशियात आहे, त्यालाही काम नाही तिकडं. येतोय तो. मी कुणाला म्हणाले नव्हते."

मग आणखी एक, मग दुसरा. बोलताना प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता आणि बोलून झाल्यावर वर बघत होता. शेवटी सातारनं घसा साफ केला. "माझ्या गोठ्याची मागची भिंत," तो म्हणाला. "तशी उभी आहे. पण कललीय."

"थांबा, थांबा," ओमूरबाबांनी बोटं उघडली. "बर्फाआधी शनिवार किती उरले? पाच. त्यातला एक कुबातच्या लग्नात जाणार. उरले चार. आणि घरं?" त्यांनी मोजली. एकेका चेहऱ्याकडे बोट करून मोजली. "पाच. आता एकानं तरी थांबावं लागेल."

कोणी कोणाकडे बघेना. जो तो आपलं तितकं अडलेलं नाही असं सांगायला तोंड उघडत होता, हे दिसत होतं. सातारनं तर उघडलंही. पण त्याच्या आधी एशिम बोलला.

"थांबायचं कशाला? रविवार धरा की."